पानाचं पोट

माझ्या आईला राजूर नावाची एक बहीण आहे. बारशाला ठेवलेलं नाव अर्थातच वेगळं आहे, पण ते आमच्या घरात बरीच वर्षं कुणी उच्चारलेलं नाही. मावशी लग्न होऊन राजूरला गेली, आई सुप्याला आली, आणि पुढे दोघींचं बोलणं बंद झाल्यावर आईनं बहिणीचं नाव काढून टाकलं आणि त्या जागी तिच्या गावाचं नाव बसवलं. "राजूरला लई शहाणपण हाय," असं आई म्हणाली की नवख्या माणसाला वाटतं, ही डोंगरातल्या त्या अख्ख्या गावावर का चिडली असेल?

भांडण झालं ते एका फांदीवरून. आईच्या माहेरी अंगणात गावरान गुलाब होता. फिकट गुलाबी, अंगभर काटे, आणि वास असा की शेजारणी काही ना काही निमित्त काढून यायच्या. मामानं अंगणात कोबा करायचं ठरवलं तेव्हा दोघी बहिणी धावत गेल्या आणि एकेक फांदी घेऊन आल्या. फांद्या तोडल्या आईनं, कारण ती थोरली. आईची फांदी सुप्यात लागली, मावशीची राजूरला वाळली. आणि मग कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत, जिलेबी वाढली जात असताना, मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आक्कानं जिती फांदी सोताला ठिवली आन वाळकी मला दिली." आईनं द्रोण खाली ठेवला आणि म्हणाली, "फांदी जितीच हुती. हाताला गुण न्हाई त्याला मी काय करू?"

झाडाझुडपांत वाढलेल्या बाईला "तुझ्या हाताला गुण नाही" म्हणणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत.

तरीपण दर वर्षी एक बरणी राजूरला जाते. मावशीला पित्ताचा त्रास आहे, आणि त्या गुलाबाचा गुलकंद तिला मानवतो. आई दर उन्हाळ्यात गुलकंद करते, चिनीमातीच्या बरणीत भरते, तोंडाला फडकं बांधते आणि आमच्या आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातात देते. आप्पा एसट्या बदलत राजूरला जातात, मेव्हणीकडे पोटभर जेवतात आणि बरणी घेऊन परत येतात. रिकामं भांडं परत पाठवायचं नाही हा नियम दोघींच्या आईनं दोघींना घालून दिलेला, त्यामुळे बरणीत काहीतरी असतंच. एका वर्षी हिरडा, एका वर्षी मध, बहुतेक वेळा काळभाताचे, म्हणजे तिकडच्या वासाच्या भाताचे, तांदूळ. आई बरणी उघडते, वास घेते आणि "ठीक हाय" म्हणते. तेवढंच. सबंध वर्षात दोन बहिणींमध्ये एवढाच व्यवहार.

म्हणून जेव्हा होळीनंतर त्या गुलाबाची पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा मला झाडापेक्षा बरणीची काळजी वाटली. फूल नाही तर गुलकंद नाही, गुलकंद नाही तर बरणी नाही, आणि रिकामी बरणी पाठवायची सोय नाही. एकदा ती वाट मोडली की या दोघी एकमेकींच्या दहाव्यालाच भेटल्या असत्या, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

आमचं घर रस्त्याच्या कडेला आहे. एमआयडीसीचे ट्रक दिवसभर जातात आणि आमच्या अंगणावर धुळीची पावडर लावून जातात. गुलाबाच्या पानांवर आधी बारीक पांढुरके ठिपके आले, मग पानं पितळेसारखी दिसायला लागली, मग देठाच्या बेचक्यांत तलम जाळी दिसू लागली. मी एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. दिवसभर भिंगातून लोखंडाचे ओरखडे बघायचे हा माझा धंदा, त्यामुळे पर्समध्ये भिंग असतंच. एक पान पांढऱ्या कागदावर झटकलं. कागदावर तांबूस ठिपके पडले, आणि क्षणभरानं ते ठिपके चालायला लागले.

आप्पांनी एक पान प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि औषधांच्या दुकानात नेलं. येताना एक बाटली आणि एक शब्द घेऊन आले. बाटलीवर कवटीचं चित्र होतं. शब्द होता 'लाल कोळी'.

आईनं आधी बाटली बघितली. "हे मारल्यावर पाकळ्या कोन खानार? तुमी?"

आप्पा म्हणाले, "मी न्हाई. मला पित्त न्हाई."

"मग जिला पित्त हाय तिला घालू का?"

आप्पांनी बाटली निमूटपणे परत नेली. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण आईनं तो दुसरा शब्द ऐकला होता. आपल्या भाषेत जाळं विणणारा तो कोळी आणि पानातला रस शोषणारा हाही कोळीच. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर आई डोक्याला पदर बांधून, काठीला केरसुणी बांधून अंगणात उभी. घरातली, गोठ्यातली, कुंपणावरची, गुलाबाच्या बुंध्याजवळची, एकूण एक जाळी तिनं उतरवली होती. कोळ्यांचा असा नायनाट आमच्या घरात दिवाळीलासुद्धा होत नाही.

"आता बघ कसा फुटतो गुलाब," आई म्हणाली.

गुलाब फुटला नाही. उलट आणखी पितळी झाला.

मी मोबाईलवर बघितलं. कुणी म्हणत होतं लसूण, कुणी म्हणत होतं मिरची, कुणी सोडा, कुणी चक्क शांपू. एका गृहस्थानं आधी त्याच्या चॅनेलला घंटी मारायला सांगितलं आणि मग उपाय सांगायचा विसरूनच गेला. शेवटी दुपारच्या सुट्टीत कँटीनच्या मागे जाऊन मी मावशीला फोन लावला. माझं आणि मावशीचं भांडण नव्हतं. फक्त आईला कळू न देता बोलायचं, एवढंच.

"मावशी, गुलाबावर लाल कोळी पडलाय."

पलीकडून घोगऱ्या आवाजात एकच प्रश्न आला. "कळ्या हायत का?"

"आहेत थोड्या. पण झाड जाईलसं वाटतंय."

"कशानं जातंय? आमच्या बाच्या झाडावर दर शिमग्याला यायचा ह्यो. पानी मार. वरून न्हाई, खालून. त्यो पानाच्या पोटाला बसतो. रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, जोरात पानी, नुसतं पोटावर. धूळ गेली, जाळी तुटली, की त्याचं निम्मं बळ गेलं. आन लई खराब झालेली पानं तोडून जाळ, उकिरड्यावर टाकू नको." मग जरा थांबून, "आन माझं नाव घ्येतलंस तर तुझी खैर न्हाई. मोबाईलात बघितलं म्हन."

तर अशी मोबाईलातली बाई जन्माला आली.

संध्याकाळी मी आईला सांगितलं, "आई, मोबाईलात एक बाई आहे, झाडांचे व्हिडिओ करते. ती म्हणते, पानाच्या पोटाला पाणी मारायचं."

आई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "कशाला मारायचं म्हनली?"

"पोटाला. म्हणजे खालच्या बाजूला."

"हं," आई म्हणाली. पुन्हा भाजी निवडू लागली. मग सहज विचारल्यासारखं, "दिसायला कशी हाय बाई?"

"तोंड दाखवत नाही. नुसता आवाज."

"आवाज कसा हाय?"

"जरा घोगरा."

"हं," आई पुन्हा म्हणाली. माझं खोटं पचलं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवसापासून आईनं नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून गुलाबाला खालून झोडपायला सुरुवात केली. झाड भिजायचं, आई भिजायची, आणि कुंपणापलीकडून सकाळचा पेपर वाचत चालणारे शेजारीही भिजायचे. "काकू, आमी बी जाळं केलंय का?" असं ते एकदा म्हणाले. आईनं त्यांना सांगितलं, "तुमचं पोट धुवायला सांगितलं न्हाई अजून बाईनं."

चारदोन दिवसांनी आईनं मला हाक मारली. "त्या बाईला इचार, किती दिवस पानी मारायचं."

"आई, ती व्हिडिओतली बाई आहे. तिला कसं विचारणार?"

"खाली लिवता येतंय न्हवं? शेजारची सून लिवती रोज. जबाब बी येतो."

मोबाईलमधलं आईला काही कळत नाही हा माझा समज तिथेच गेला. नाइलाजानं मी "लिहिते" म्हणाले, आणि दुपारी पुन्हा कँटीनच्या मागे.

"तिला म्हनावं, नवी पालवी फुटंपर्यंत. एवढी घाई असंल तर प्लास्टिकचा गुलाब लाव म्हनावं," मावशी म्हणाली.

मी पहिलं वाक्य आईला सांगितलं आणि दुसरं गिळलं. पण आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "आनखी काय म्हनली?" कसं कुणास ठाऊक, मी दुसरंही सांगून टाकलं. आई चिडेल असं वाटलं होतं. ती पदरानं तोंड झाकून आत गेली. मला वाटलं, खोकला आला असेल.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. रोज दुपारी मी एकीचं बोलणं ऐकायचे आणि रोज संध्याकाळी दुसरीला पोचवायचे. आईचे प्रश्न झाडाबद्दल सुरू व्हायचे आणि भलतीकडेच संपायचे.

"तिला लिव, मी घरातले सगळे कोळी मारले, तरी हाय तसंच हाय."

हे ऐकून मावशी फोनमध्येच ओरडली. "अगं बया! जाळंवाला कोळी येगळा, ह्यो येगळा! त्यो बिचारा झाडावरची किडं खातो. कोळी म्हनलं की सगळ्यांना एकाच केरसुनीनं हानायचं व्हय? ल्हानपनापासून अशीच हाय ती. बोलायच्या आधी इचार करंल तर शप्पथ."

"लहानपणापासून" हा भाग वगळून मी बाकीचं सांगितलं. मोबाईलातल्या बाईला आईचं लहानपण कुठून माहीत असणार? आईनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तिला लिव, लई शिकवायला येती, तर तुझ्या दारात किती गुलाब हायत ते सांग."

हे मी मावशीला सांगायला नको होतं. पण तोपर्यंत मला या कामाची चटक लागली होती, आणि एवढा चांगला टोला मधल्यामध्ये वाया घालवणं जिवावर आलं. मी सांगितला. कँटीनमधली ताटं धुतल्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, संपलं, आता ही बाई मोबाईल बंद करणार.

"म्हनावं," मावशी शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा जास्त घोगरा होता, "दारात एक बी न्हाई. लावला हुता. रोज पानी घातलं. न्हाई जगला."

संध्याकाळी मी हे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्या दिवशी आई आमटीत मीठ घालायला विसरली. मला त्या दोघींचं फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. एवढं मन दुखतंय तर उचला ना फोन! पण मध्यस्थाला राग काढायची सोय नसते, म्हणून मी अळणी आमटी तशीच प्यायले.

पाण्यानं जाळी गेली, पण पांढऱ्या कागदावर ठिपके अजून चालत होते. मग मावशीनं ताक सांगितलं. चांगलं आंबू द्यायचं, इतकं की घरात कुणी उभं राहू नये, मग फडक्यातून गाळायचं, पाणी घालायचं आणि पंपानं पोटांवर मारायचं. आईनं ताक आंबवलं. गाळलं मात्र नाही, कारण "ताक का गाळायचं आसतंय?" पंपाच्या नळीत गुठळी अडकली. आप्पांनी नळी डोळ्यासमोर धरून आत बघितलं, आणि नेमका त्याच वेळी आईनं दांडा दाबला. आप्पांच्या मिश्यांवर लाल कोळी पडण्याची भीती त्या दिवसापासून कायमची मिटली. गल्लीतली सगळी मांजरं गुलाबाभोवती येऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत झाड चाटायचं की नाही याचा विचार करत राहिली.

"सांगितल्यालं ऐकंल तर शप्पथ," मावशी हे ऐकून म्हणाली, आणि एवढी हसली की तिला ठसका लागला. कितीतरी वर्षांनी मी तिला असं हसताना ऐकत होते.

दुसऱ्या वेळी ताक गाळून मारलं आणि ठिपके कमी झाले. उरलेल्यांसाठी निंबोळ्या निघाल्या. मागच्या पावसाळ्यात आईनं वाळवून ठेवलेल्या निंबोळ्या कुटायच्या, रात्रभर भिजवायच्या, गाळायच्या, आणि पाणी पानाला चिकटावं म्हणून त्यात रिठ्याचा फेस घालायचा. उन्हं कलल्यावर मारायचं, नाहीतर पानं करपतात. आणि एक गोष्ट मावशीनं पुन्हा पुन्हा बजावली. "कळ्यांच्या वाटंला जायचं न्हाई. निंबोळीचा कडूपना कळीत उतरतो. गुलकंद कडू व्हतो."

आईनं हे फार लक्ष देऊन ऐकलं. इतकं लक्ष तिनं कुठल्याच सूचनेला दिलं नव्हतं.

"किती कडू व्हतो? इचार तिला."

मी विचारलं. "खानाऱ्याचं त्वांड वाकडं व्हईल इतका," मावशी म्हणाली.

"बरं," आई म्हणाली.

पुढच्या संध्याकाळी आई फवारत होती तेव्हा मी ओट्यावर चहा पीत बसले होते. बघते तर कुंपणाकडच्या कडेच्या फांदीवर आई पंप चालवतेय, आणि पोटंबिटं सोडून थेट कळ्यांवर. एक एक कळी हातात धरून, कौतुकानं न्हाऊ घातल्यासारखी.

"आई! कळ्यांवर नाही! मोबाईलातली बाई काय म्हणाली?"

"आगं बाई, दिसलंच न्हाई. चष्मा न्हवता न्हवं," आई म्हणाली. चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी म्हटलं, वय झालं.

झाड वाचलं. चैत्र सरता सरता नवी पालवी फुटली, तांबूस आणि चकचकीत. कागदावर पान झटकलं तर नुसती धूळ पडायची. एकदा मला नव्या फांदीवर कीड खाणारा एक ढालकिडा दिसला, आणि बुंध्याजवळ एका जाळ्यातल्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या, कोळ्यानं पुन्हा घर थाटलं होतं. आईनं त्याच्याकडे बघितलं आणि केरसुणी दुसऱ्या बाजूनं फिरवली. मग गुलाब फुलला. दरवर्षीइतका नाही, पण फुलला. सकाळी अंगणात उभं राहिलं की डिझेलच्या धुरातूनही वास यायचा.

आईनं पाकळ्या खुडल्या, खडीसाखर कुटली आणि थरावर थर देऊन गच्चीवर उन्हात ठेवल्या. एक मोठी काचेची बरणी आणि एक लहान. मी विचारलं, दोन कशाला? आई म्हणाली, "एकीत मावत न्हाई." मोठीत निम्मी जागा रिकामी होती, पण आईशी कोण हुज्जत घालणार?

महिनाभर उन्हात मुरल्यावर आईनं स्वतःच्या हातानं लहान बरणीतला गुलकंद चिनीमातीच्या बरणीत काढला. मी बोट घालायला गेले तर हातावर चापट बसली. "राजूरचा हाय त्यो." फडकं बांधलं, आप्पांच्या हातात दिली, आणि आप्पा नेहमीसारखे निघाले.

एरवी रात्री येतात, या वेळी संध्याकाळीच परत आले. हात मोकळे.

मी विचारलं, "बरणी?"

"ठिवून घ्येतली."

"काय म्हणाली मावशी?"

आप्पांनी टोपी काढली, ओट्यावर बसले. "बोटभर चाखला. मग तांब्याभर पानी प्याली. मग माझ्याकडं बघितलं आन म्हनली, दाजी, एसटीची येळ झाली तुमची. जेवन बी वाढलं न्हाई," हे त्यांनी फार दुखावून सांगितलं.

मी धावत गच्चीवर गेले, लहान बरणीच्या तळाला चिकटलेला गुलकंद बोटानं काढला आणि जिभेवर ठेवला. आधी गोड लागला. मग गुलाब. आणि मग मागून असा कडूपणा चढला की डोळ्यांत पाणी आलं. कडेची फांदी! चष्मा नव्हता म्हणून फवारलेली! मी खाली येऊन आईला सांगितलं तर तिनं फक्त "आसं व्हय?" म्हटलं आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीनं फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी कँटीनच्या मागे उभी राहून पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिले. एवढी मेहनत करून, पोटं धुऊन, ताकाचा वास सोसून, शेवटी त्या बाईच्या तोंडात निंब घातला आपण. तिला काय वाटलं असेल? आक्कानं आधी वाळकी फांदी दिली आणि आता कडू गुलकंद. मला रडूच आलं. बरणी परत आली नाही म्हणजे वाट मोडली, हे मला स्पष्ट दिसत होतं. आईला मात्र काहीच दिसत नव्हतं. तिनं त्याच आठवड्यात घर झाडून काढलं, गादीला नवा अभ्रा घातला आणि दळण जरा जास्तच दळून आणलं.

रविवारी सकाळी मी अंगणात गुलाबाला पाणी मारत होते. फाटकाशी रिक्षा थांबली. आधी पिशवी उतरली, मग काखेत बरणी धरलेली मावशी उतरली. चपला काढायच्या आधीच तिचा आवाज घुमला.

"आक्का! भाईर ये! सांगितलं न्हवतं का मी, कळ्यांवर मारू नको म्हून? शंभर बार बजावलं हुतं का न्हवतं?"

मी नळी हातात धरून तशीच उभी. पाणी माझ्याच पायावर पडत होतं. आपण काय बोललो हे मावशीच्याही लक्षात आलं असावं, कारण ती एकदम माझ्याकडे बघू लागली.

आई पदराला हात पुसत दारात आली. बहिणीकडे तिनं नीट बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत. मग मला म्हणाली, "चहा टाक गं. तुझी मोबाईलातली बाई आली बघ."

मावशीचं तोंड उघडं राहिलं. "तुला ठावं हुतं?"

"पानाला पोट आसतंय आसं आपल्या बाशिवाय कोन म्हनतं? आन बाच्या मागं तू," आई म्हणाली. "पैल्या दिशीच कळलं. ही मला शिकवती, मोबाईलात बाई हाय म्हून."

म्हणजे इतके दिवस आपण कुणाशी बोलतोय हे दोघींनाही माहीत होतं. मूर्ख एकटी मी होते. माझी मान खाली गेली, आणि हसूही आवरेना.

मावशीनं बरणी ओट्यावर आदळली. फडकं सोडलं. आत काळभाताचे तांदूळ होते, काठोकाठ. एवढ्या रागातही बाईनं रिकामी बरणी आणली नव्हती.

चहा होईपर्यंत दोघी गुलाबाजवळ जाऊन उभ्या होत्या. खिडकीतून मला आवाज येत होता. मावशीनं एक पान उलटं केलं, दुसरं केलं. "पोट साफ हाय," ती म्हणाली. "धुतंय कोन मग?" आई म्हणाली. मग मावशी हलक्या आवाजात म्हणाली, "वाळकी न्हवती गं ती फांदी. मला म्हाईत हाय." आणि आई म्हणाली, "तुझ्या हाताला लई गुण हाय. मी बी उगं बोलले." मग कात्रीचा आवाज आला. आईनं फांदी तोडली, आणि मग आणखी एक, आणि आणखी एक. मावशी "आगं झाड ठिवतीस का न्हाई?" म्हणेपर्यंत तोडत राहिली.

चहाबरोबर आईनं मोठ्या काचेच्या बरणीतला गुलकंद वाटीत काढून मावशीपुढे ठेवला. मावशीनं संशयानं वास घेतला, जिभेच्या टोकावर ठेवला, आणि मग वाटी पुसून खाल्ली. आप्पांनी लांबूनच विचारलं, "आज तरी जेवन हाय का कुनाच्या घरी?"

स्वयंपाकघरात आईला एकटं गाठून मी विचारलं, "आई, खरं सांग. चष्मा डोक्यावर होता ना?"

आई बरणीतले तांदूळ सुपात ओतत होती. तिनं मूठभर हातात घेतले, वास घेतला, आणि बाहेर बहिणीच्या घोगऱ्या आवाजाकडे कान दिला.

"गोड धाडला आसता," ती म्हणाली, "तर नुसतं तांदूळ आलं आसतं."